हलकी सायकल, हलकं पुस्तक आणि दीडशे वर्षांचा वाद

घाटात रेंज जाते म्हणून एपिसोड अर्धवट राहतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे भाषा थोडी सैल वाटली तर चालवून घ्या.

आज सुरुवात एका शब्दापासून करू. शब्द आहे 'हलकं'.

सायकलच्या दुकानात जा. जितकी सायकल हलकी, तितकी ती महाग. दुकानदार ती एका हाताने उचलून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. आता पुस्तकाकडे वळा. कुणी विचारलं, "काय वाचतोस हल्ली?" आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही हो, जादू, राक्षस, उडते घोडे, असलं हलकंफुलकं," तर त्या 'काही नाही हो'मध्येच तुमची माफी मागून झालेली असते. एकच शब्द, सायकलला शाबासकी आणि पुस्तकाला चापट. असं का? याचं उत्तर शोधायला मागे जावं लागतं, चांगलं दीडशे-पावणेदोनशे वर्षं.

रिसबुडांची अडचण

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. साल १८५७. विषय गंभीर: विधवांची परिस्थिती. म्हणजे आपली कादंबरी जन्मली ती समाजाचा प्रश्न हातात घेऊनच. पण लगेच पुढे काय झालं बघा. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि वाचकांना अद्भुताचा चस्का लागला. त्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली. अल्लाउद्दिन, सिंदबाद वगैरे मंडळी. संस्कृतचे मोठे पंडित, आणि काम कुठलं, तर दिव्यातून निघणाऱ्या राक्षसाचं! पुढे हे काम पुरं व्हायला त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री, म्हणजे 'निबंधमाला'वाले, आणि हरि कृष्ण दामले यांचाही हात लागला.

मग १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. हिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी जे सांगितलंय, ते मला आजही फार प्रामाणिक वाटतं. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा: आपल्याकडची लग्नाची रीत आणि एकूण राहणी अशी आहे, की आपल्या आयुष्यात ना रंगतदार दुर्गुण सापडतात ना रंगतदार सद्गुण. रोजचं लिहावं तर त्यात मन गुंतवणारं काही नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताची वाट धरावी लागते.

थोडं थांबून विचार करा. लहानपणीच लग्न लागलेलं, बायकोशी दिवसा बोलायची सोय नाही, कुणी काय करायचं ते जातीने आणि घराने ठरवलेलं. अशा समाजात प्रेमकथा लिहायची कुठून? साहस दाखवायचं कुठे? राजपुत्राला घोड्यावर बसवून लांब कुठल्यातरी नगरीत पाठवला, तरच त्याला स्वतःचं काही ठरवता येणार. म्हणजे अद्भुत हा पळ होता हे खरं, पण पळण्यासारखं काही होतं म्हणून तो होता.

टीकाही लगोलग आली. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला आणि या असंभाव्य गोष्टींना चांगलंच धारेवर धरलं. पुढे हरि नारायण आपट्यांनी १८९०मध्ये साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः छापली. मराठीतली एक अतिशय गंभीर, वाचताना गळा दाटून आणणारी वास्तववादी कादंबरी. आणि साप्ताहिकाचं नाव काय होतं? 'करमणूक'. हे नाव मी एपिसोडमध्ये दोनदा घेतलं होतं, इथेही घेतो. 'करमणूक'.

१९०२: दोन ठिकाणचे दोन वाद

आता सायकल. दोन्ही गोष्टींचं वय जवळपास सारखं आहे. 'मुक्तामाला' लोक वाचत होते त्याच १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या सायकली तयार होत होत्या. मग आली ती पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच असलेली, पडलात तर थेट तोंडावर पाडणारी सायकल. १८८५मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' आणली: दोन्ही चाकं सारखी, पायडल मध्ये, चेन मागच्या चाकाला. १८८८मध्ये जॉन डनलॉपने हवेचा टायर आणला. बस्स. तुमच्या पडवीत उभी असलेली सायकल मुळात हीच. एकशे चाळीस वर्षांत मूळ डिझाइन बदललेलं नाही. आमच्या धंद्यात एखादं सॉफ्टवेअर सात वर्षं टिकलं तरी लोक त्याला म्हातारं म्हणतात!

बदल झाला तो गिअरचा. १९०२च्या सुमारास इंग्लंडात 'स्टर्मी-आर्चर'चा तीन गिअरचा हब बाजारात येऊ लागला. फ्रान्समध्येही पॉल द व्हिव्ही नावाचा सायकलवेडा संपादक डोंगरात गिअरच्या सायकली चालवून लोकांना पटवत होता, की बाबांनो, याने चढ जमतो. आणि त्याच १९०२ साली आँरी देग्रांज यांनी लिहिलं, की गिअर वगैरे पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक आहेत, खरं जिंकायचं ते स्नायूंच्या जोरावर. हे देग्रांज म्हणजे पुढच्याच वर्षी 'टूर द फ्रान्स' सुरू करणारे गृहस्थ. आल्प्सचे घाट असलेल्या त्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे गिअर वापरायची परवानगी मिळाली थेट १९३७ साली!

म्हणजे सायकलच्या जगातही 'सोपं केलं की किंमत कमी' हा विचार होताच.

योगायोग असा, की १९०२मध्येच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'कादंबरी' नावाचा मोठा निबंध लिहिला. अद्भुत कादंबरी आणि वास्तविक कादंबरी असा फरक करून त्यांनी मराठी कादंबऱ्यांची झाडाझडती घेतली. इतिहासाची जुनी दप्तरं शोधत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला या विषयावर इतकं लिहावंसं वाटलं, हीच मला मोठी गोष्ट वाटते. फ्रान्समध्ये पाय किती दमायला हवेत यावर भांडण, इकडे डोकं किती दमायला हवं यावर.

सायकल तासावर, पुस्तक दिवसावर

आपल्याकडे सायकल आली ती साहेबाबरोबर, आणि पहिली बरीच वर्षं ती पैसेवाल्यांचीच राहिली. रॅले, हंबर, बीएसए ही नावं आजोबा लोक अजूनही घराण्यांच्या नावासारखी घेतात. १९२३मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघं १९२८मध्ये फेरी पुरी करून परतले. वाळवंट, जंगल, बर्फ, सगळं सायकलवर. सिंदबादला मागे टाकणारी ही गोष्ट चक्क खरी आहे.

स्वातंत्र्यानंतर सायकल खऱ्या अर्थाने आपली झाली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होताच. १९४९मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१मध्ये सोनीपतला अॅटलस, १९५६मध्ये लुधियानाला हीरो. शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, गिरणीतला कामगार, सगळ्यांची तीच काळी, उंच, मधल्या दांडीची सायकल. नगरपालिकेचा कर भरून बिल्ला लावायचा. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवणार. डबलसीट दिसलात तरी अडवणार.

ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी होतं सायकल-मार्ट. तासावर सायकल. वहीत नाव आणि वेळ लिहायची, आणि घड्याळाकडे बघत बघत परत यायचं. पोरांचा पाय सीटवरून पोचत नसे, म्हणून दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकायचं. गुडघे फोडून घ्यायचे. भाड्याच्या एका तासातली पंधरा मिनिटं तर मित्राला 'एक राउंड' देण्यात जायची.

आता पुस्तकांचं बघा. अगदी हीच व्यवस्था! सर्क्युलेटिंग लायब्ररी. पुस्तक दिवसावर. कव्हर फाटलेलं, पानं दुमडलेली, शेवटचं पान कधी कधी गायब. बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार आणि काळा पहाड तिथेच भेटायचे. पुढे नारायण धारपांच्या भयकथा. १९५२पासून मराठीत 'चांदोबा' यायला लागला, मद्रासच्या 'चंदामामा'चा मराठी भाऊ. प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा आणि त्याला गोष्ट सांगणारा वेताळ: शंकर या चित्रकाराने काढलेलं ते चित्र ज्यांनी लहानपणी बघितलंय, त्यांना ते डोळे मिटूनही दिसतं.

आमच्या रत्नागिरीत याच्याही आधीपासूनची सोय होती. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ची. म्हणजे पायडलची सायकल जगात यायच्या तीसेक वर्षं आधीपासून इथे लोक पुस्तकं घरी नेत होते!

माझा मुद्दा असा, की तासावर घेतलेली सायकल आणि दिवसावर घेतलेलं पुस्तक या दोन्ही गोष्टी घराबाहेर जायची स्वस्तातली वाट होत्या. घरच्यांना दोन्हींचा संशयही सारखाच. "कुठे उंडारतोस?" आणि "काय ते वाचतोस?" हे दोन प्रश्न एकाच स्वरात विचारले जायचे.

फुरसुंगीचा पोरगा

या दोन वाटा एकत्र आणल्या त्या भा. रा. भागवतांनी. भागवत १९१०मध्ये जन्मले, २००१मध्ये गेले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांसाठी आणल्या: 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वगैरे. 'बालमित्र' नावाचं मासिक चालवलं. आणि मग त्यांनी फास्टर फेणे उभा केला. बनेश फेणे, फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला किडकिडीत मुलगा, तोंडाने 'टॉक' असा आवाज काढणारा आणि सायकलवर सुसाट सुटणारा. वीस पुस्तकं आली त्याची. १९८७मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे झाला, २०१७मध्ये सिनेमात अमेय वाघ.

फेणेमध्ये जादू नाही, राक्षस नाहीत. पण सांगाडा बघा: घरापासून लांब निघालेला नायक, संकटांची माळ, दुष्टांचा डाव, वेळेवर पोचणं. हा 'मुक्तामाला'च्या काळचाच सांगाडा आहे. भागवतांनी काय बदललं? घोडा काढला आणि सायकल दिली. राजपुत्राच्या जागी फुरसुंगीचा पोरगा बसवला. रिसबुडांची अडचण आठवते ना? रोजच्या आयुष्यात मन गुंतवणारं काही नाही! शंभर वर्षांनी पुण्यातला शाळकरी मुलगा शाळेच्या सुट्टीत साहस करू शकत होता, आणि वाचणाऱ्या पोराला ते आपल्यालाही जमेल असं वाटत होतं, कारण सायकल तर त्याच्याकडेही होती. निदान तासावर.

याला मी अपग्रेड म्हणतो. फ्रेम जुनी, भाग नवे.

बावीस दात

आता माझं. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांची १९७०च्या सुमाराची काळी सायकल आमच्या पडवीत होती. वजन वीस किलोच्या आसपास. कोकणात सायकलचं गणित वेगळं असतं. सड्यावर ती सुंदर पळते आणि घाटीत हातात धरून ढकलावी लागते. आजोबा माळनाक्याच्या चढाला खाली उतरून शांतपणे चालायचे. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

मला ती विकायची नव्हती आणि शोकेसमध्येही ठेवायची नव्हती, चालवायची होती. ऑनलाइन बघितलं तर सल्ला एकच: नवी गिअरची घ्या. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी मात्र आधी सायकल उलटी केली, बीबीच्या खाली गंज किती आहे ते पान्याने ठोकून बघितलं आणि म्हणाले, "फ्रेमला काय झालेलं नाय. बाकी सगळं मिळतं."

आणि खरंच सगळं मिळतं! याचं कारण इतिहासात आहे. आपल्या कारखान्यांनी ब्रिटिश मापं उचलली ती तशीच ठेवली. हबचे आटे तेच, चेनची अर्ध्या इंचाची कडी तीच. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या हबवर आज बनलेलं फ्रीव्हील बसतं. आमच्याकडे याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात आणि त्यासाठी मीटिंगा घ्याव्या लागतात.

केलं काय? पुढचं चक्र ४४ दातांचं, ते ठेवलं. मागचं फ्रीव्हील १८ दातांचं होतं, तिथे २२ दातांचं बसवलं. नवी चेन, एक कडी जास्त ठेवून. स्पोक स्टेनलेस, कारण खाऱ्या हवेत साधे टिकत नाहीत. हबमधले छर्रे नवे, ब्रेकची रबरं नवी, जुन्या डायनॅमोऐवजी चार्जिंगचा दिवा. गिअरचा पूर्ण सेट टाकला नाही, कारण त्यासाठी मागची जागा फाकवावी लागली असती आणि फ्रेमला हात लावायचा नाही हे ठरलं होतं. सीट आजोबांचीच. घंटाही.

आता त्या चार दातांचा हिशोब. आधी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर जायची. आता जाते ४.४ मीटर. पायाला लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाला. पण फुकट काही मिळालं नाही! अर्ध्या किलोमीटरच्या चढाला आधी ९३ फेरे लागले असते, आता ११४ लागतात. टेकडीची उंची तीच, माझं वजन तेच, एकूण काम तेवढंच. फक्त ते लहान लहान घासांत होतं. सपाटीवर मी आता थोडा हळू आहे, पण माळनाक्याचा चढ मी सीटवरून न उतरता चढतो. आजोबांनी त्यांच्या पायांनी जे कधी केलं नाही ते त्यांच्याच सायकलवर होतंय, याची गंमत वाटते आणि थोडं भरूनही येतं.

मग वाचनाचं काय?

मला येणाऱ्या मेसेजमध्ये एक वाक्य सारखं असतं: "पूर्वी वाचायचो, आता होत नाही." विचारलं की कळतं, पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी आधी सातशे पानांचं काहीतरी भारदस्त उचललेलं असतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसून आलेला माणूस, रात्री साडेदहा, आणि थेट घाटी! तिसऱ्या दिवशी पुस्तक उशाखाली जातं आणि मोबाइल वर येतो. मग तो माणूस स्वतःलाच सांगतो, की आपण वाचणारे राहिलो नाही. हे मला वाईट वाटतं, कारण त्याचे पाय शाबूत असतात. दात चुकीचे असतात.

अशा वेळी बावीस दातांचं पुस्तक घ्या. मराठीत आज तोटा नाही. 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे. टॉल्किनची अंगठीची गोष्ट मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणली आहे, ती जाड आहे, पण ओढून नेते. भागवतांचा फेणे आहे. अरबी गोष्टी तर आहेतच. हलकं पुस्तक वाचताना पानं उलटण्याचं काम होतच असतं: नावं लक्षात ठेवणं, नकाशा डोक्यात धरणं, नसलेली नगरी डोळ्यांसमोर उभी करणं, माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणं. फेरे जास्त, जोर कमी.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. सायकलची उपमा इथे कुठेतरी थांबते. हलका गिअर टाकतो तो वर पोचायला. हलकं पुस्तक वाचलं की पुढे जड पुस्तक वाचलंच पाहिजे, असं काही नाही. कुणी आयुष्यभर राक्षसांच्या आणि राजपुत्रांच्या गोष्टी वाचत राहिला तर त्याने कुणाचं काही देणं बाकी ठेवलं, असं मला वाटत नाही. रविवारी संध्याकाळी भाट्याच्या पुलावरून नुसता वारा खात सायकल चालवतो, तेव्हा मी कुठे पोचायला निघालेलो नसतो.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरात जुनी सायकल असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी ती उलटी करा. बीबीखाली आणि चिमट्याच्या मुळाशी गंजाने भोक पडलंय का ते बघा. नसेल, तर बाकी सगळं मिळतं. पुण्यात असाल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून या, जुने भाग कसे दिसायचे ते कळेल. आणि गावच्या वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर ती भरून टाका. काउंटरवर कुणी विचारलं काय हवं, तर मान वर करून सांगा: काहीतरी हलकं द्या.

तुमच्या घरातली सायकल कुठल्या साली आली आणि ती कोण चालवायचं, हे मला व्हॉइस नोटवर सांगा. निवडक आठवणी पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवीन. तोवर टायरमध्ये हवा ठेवा. भेटू.